अंगावर पाजताना अडचण येतेय, लॅक्टेशन कन्सल्टंटला घरी बोलावलंय का कोणी?

सोनचाफा

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय, घाईत लिहितेय त्यामुळे मागेपुढे झालं तर समजून घ्या. ती नाशिकला आईकडे बाळंत झालीय, पहिलंच बाळ, सिझर झालं, मुलगी आहे. जन्मताना वजन २.९ किलो होतं, घरी सोडलं तेव्हा २.७ आणि आता बारा दिवस झाले तरी २.६८ च. बाळ तासन् तास अंगावर असतं, बाजूला केलं की रडतं, परत धरलं की दोन मिनिटं चोखतं आणि झोपून जातं. बहिणीच्या दोन्ही निपलना चिरा पडल्यात, एका बाजूने रक्तही येतं, बाळाला पाजायची वेळ झाली की तिचे खांदे आपोआप ताठ होतात, मी व्हिडिओ कॉलवर बघते ना, बघवत नाही.

डॉक्टरांनी टॉप फीड म्हणजे वरचं दूध सुरू करा म्हणून डब्याचं नाव लिहून दिलं, पण पाजताना काय होतंय ते कोणी बघितलंच नाही. तिच्या सासूबाई फोनवर म्हणतात हिला दूधच येत नाही. आमची आई अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, बाजरीची भाकरी लसणाची चटणी सगळं करून घालतेय. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने लॅक्टेशन कन्सल्टंट असतात त्यांना बोलाव असं सांगितलं. तिचा नवरा तयार आहे पण त्याचे प्रश्न रास्त आहेत, हे लोक डॉक्टर असतात का, येऊन नक्की काय करतात, आणि इथे वेळ घालवण्यापेक्षा सरळ डबा का सुरू करू नये. अनुभव असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

पहाटवारा

सोनचाफा, आधी बहिणीला सांग की पहिले काही दिवस थोडं हुळहुळणं वेगळं आणि चिरा पडून रक्त येणं वेगळं. "सगळ्यांनाच होतं, सहन कर" असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नकोस म्हणावं. इतकं दुखतंय म्हणजे बहुतेक वेळा बाळाने नीट धरलेलं नसतं, आणि नीट धरलं नसेल तर दूध असूनही बाळाच्या पोटात जात नाही.

मी बोलावलं होतं घरी, ठाण्यात. त्या ताई आल्या, हात धुतले, बाळाचे कपडे काढून फक्त डायपरवर ग्रॅमच्या काट्यावर वजन केलं आणि म्हणाल्या तू रोज पाजतेस तसंच पाज, मी नुसती बघते. पूर्ण वेळ बघत बसल्या, मधे एक शब्द नाही. बाळ गिळतंय का, गाल आत जातायत का, टचटच आवाज येतोय का, सुटल्यावर निपल गोल आहे का एका बाजूने चपटं झालंय. माझं चपटं, तिरकं आणि टोकाला पांढरं व्हायचं. मग त्याच डायपरवर परत वजन केलं, म्हणजे किती दूध गेलं ते कळतं. अर्ध्या तासाच्या चोखण्यात जेमतेम १० ग्रॅमचा फरक!!

मग त्यांनी धरायची पद्धत बदलली. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हाताने धरायचं, तळवा बाळाच्या खांद्यांच्या मागे, अंगठा एका कानामागे आणि बोटं दुसऱ्या कानामागे, डोक्याच्या मागून अजिबात रेटायचं नाही कारण रेटलं की बाळ उलट मान मागे टाकतं. बाळाचं पोट आपल्या पोटाला चिकटलेलं. आणि निपल तोंडासमोर ठेवायचं नाही, नाकासमोर ठेवायचं, वरच्या ओठाला हलकं लावून थांबायचं. हे थांबणं फार अवघड जातं कारण बाळ रडत असतं, पण जांभईएवढा मोठा आ केला की मगच हनुवटी आधी टेकवून झटकन जवळ घ्यायचं. आपण वाकून बाळाच्या तोंडात कोंबायचं नाही, बाळाला वर आपल्याकडे आणायचं. खालचा ओठ बाहेर वळलेला पाहिजे आणि खालच्या बाजूचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात गेला पाहिजे. पहिल्यांदा नीट लागलं तेव्हा दुखलं नाही आणि "क... क..." असा गिळण्याचा आवाज ऐकू आला, तोपर्यंत मी तो कधी ऐकलाच नव्हता.

सिझरच्या टाक्यांवर बाळ येऊ नये म्हणून बगलेखालून धरायची पद्धत पण शिकवली, फुटबॉल होल्ड म्हणतात, आणि रात्री कुशीवर झोपून पाजायची. यूट्यूबवर मी हे सगळं आधी पाहिलं होतं, पण माझा हात नेमका कुठे चुकीच्या जागी आहे ते समोर बसलेलं माणूसच सांगू शकतं.

वर्धेची ताई

मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे, स्तनपान समुपदेशनाचं ट्रेनिंगही घेतलंय. सोनचाफा, आधी एकच विचारते, बाळ २४ तासांत सू किती वेळा करतं, शीचा रंग काय, आणि दूध प्यायला स्वतःहून उठतं की उठवावं लागतं? डोळे, अंग पिवळं वाटतंय का? हे सांगा, मग बाकीचं.

सोनचाफा

आत्ताच फोन करून विचारलं. सू चार-पाच वेळा, गेल्या दोन दिवसांत थोडी गडद वाटली म्हणाली. शी पिवळी आहे पण थोडीच. दिवसा बऱ्याचदा उठवावं लागतं. पिवळेपणा पहिल्या आठवड्यात होता, आता कमी वाटतोय.

वर्धेची ताई

मग उद्यावर टाकू नका, आजच बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन वजन करा आणि बाळ तपासून घ्या. घाबरवत नाहीये, पण पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत घट चालते, ती १० ते १४ दिवसांत भरून निघायला हवी. पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान सहा तरी चांगली ओली लंगोटी आणि फिकट रंगाची सू हवी. तिथून पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढतं. तुमचं बाळ या हिशोबात मागे आहे आणि सुस्त बाळ नीट ओढत नाही, नीट ओढलं नाही की आणखी सुस्त होतं, ही साखळी आज तोडायची.

डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं त्यावर राग धरू नका, वजन वाढत नसलेल्या बाळाला पोटभर मिळणं सगळ्यात पहिलं. फक्त एक सांभाळा, वरचं दूध देऊन अंगावरचं सोडलं तर पंधरा दिवसांत आईचं दूध खरंच कमी होईल. स्तन जेवढा रिकामा होतो तेवढं दूध तयार होतं, आणि रात्री प्रोलॅक्टिन म्हणजे दूध तयार करणारं हार्मोन जास्त असतं म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये. तर बाळाला दर दोन-अडीच तासांनी आधी अंगावर घ्या, मग डॉक्टर सांगतील तेवढं वरचं, आणि ते बाटलीने न देता वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोच असलेली छोटी वाटी), बाळाला बसतं धरून, सावकाश. त्यानंतर आईने पंपाने किंवा हाताने दूध काढायचं. पुढच्या वेळी डब्याच्या आधी तेच काढलेलं दूध द्यायचं. पाजणं, वरचं देणं आणि पंप हे सगळं तासाभरात आटपलं पाहिजे नाहीतर ती बाई झोपणार कधी.

आणि हे चालू असतानाच कन्सल्टंटला बोलवा. दोन्ही एकाच वेळी, एक झालं की दुसरं असं नाही.

तिच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर. लॅक्टेशन कन्सल्टंट डॉक्टर असेलच असं नाही. आयबीसीएलसी म्हणजे आंतरराष्ट्रीय परीक्षा दिलेले, त्यासाठी शिक्षण आणि आयांसोबत प्रत्यक्ष कामाचे तास भरावे लागतात आणि ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. दुसरे स्तनपान समुपदेशक, त्यांचं ट्रेनिंग कमी मुदतीचं असतं पण रोज हेच काम करणारे खूप चांगले असतात. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था १९९१ मध्ये आमच्या वर्ध्यातच सुरू झाली, तीही प्रशिक्षण देते. पदवीपेक्षा फोनवर एवढं विचारा, पूर्ण फीड बघणार का, वजन करणार का, बाळाचं तोंड तपासणार का, आणि नंतर पाठपुरावा आहे का. "दूध वाढायची पावडर" विकणारं कोणी भेटलं तर तिथूनच नमस्कार.

भरती-ओहोटी

बाबा लोकांच्या वतीने लिहितो. आमचं घर रत्नागिरीच्या पुढे, जवळपास कन्सल्टंट वगैरे काही नाही. आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येतात, दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, हे सरकारी वेळापत्रकच आहे. आमच्या आशाताईंकडे वजनकाटा होता आणि त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की बाळ वरवर चोखतंय. मग मुंबईतल्या एका कन्सल्टंटशी व्हिडिओ कॉल केला, मी मोबाईल धरून उभा, कधी वरून दाखव, कधी बाजूने दाखव. प्रत्यक्ष भेटीइतकं नाही पण उपयोग झाला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली केलेले आरोग्य-पोषणाचे व्हिडिओ आहेत, मराठीत आहेत आणि फुकट आहेत, बाळ कसं धरायचं ते त्यात बाहुली घेऊन दाखवलंय. आम्ही दोघांनी बघितले, आईलाही बसवलं बघायला, त्यामुळे घरातले वाद निम्मे झाले.

तिच्या नवऱ्याला सांगा, बाळाला ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पंपाचे भाग धुऊन उकळणं आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दारातून चहा पाजून वाटेला लावणं ही कामं त्याची. बायकोसमोर कोणी "दूधच नाही हिला" म्हटलं तर त्याने तिथल्या तिथे बोलायचं, तिने नाही.

माजघर

पोरींनो, मी दोन नातवंडांची आजी. आमच्या वेळी न्हाऊ घालायला बाई यायची, ती नुसतं तेल चोळून जात नसे, बाळंतिणीला पाटावर पाठ टेकून बसवायची, बाळाखाली उशी द्यायची आणि बाळ लागेपर्यंत हलायची नाही. आता मालिशवाल्या येतात, त्यातल्या सगळ्यांना ते येत नाही. आणि काही जणी बाळाच्याच छातीतून दूध पिळून काढतात, मुलगी असेल तर हमखास, ते अजिबात करू देऊ नका, गळू होतं. मधाचं बोटही नको, वर्षाच्या आत मध द्यायचा नाही असं आता डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे.

अळीव खाऊ दे, अंगात ताकद येते, आई प्रेमाने करतेय तर करू दे. पण बाळ नीट ओढत नसेल तर लाडूंनी दूध वाढणार नाही. सासूबाईंना हे मी सांगितलं असं सांगा, आजीचं आजी ऐकते.

निळीशाई

पहाटवारा आणि ताईंनी सांगितलंच आहे, मी गाठींबद्दल लिहिते कारण पंप सुरू केला की हे होतं. मला एका बाजूला लाल पट्टा आला, दगडासारखी गाठ, थंडी वाजून ताप. घरातल्यांनी गरम पाण्याचा शेक आणि जोर लावून चोळणं सुरू केलं, सगळे म्हणाले गाठ फोडून काढ. रात्रीत दुप्पट सूज. कन्सल्टंटने सगळं थांबवलं. बर्फ कापडात गुंडाळून ठेवायचा, हलका हात काखेकडे फिरवायचा, बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं, जास्तीचा पंप करून स्तन ओढून ओढून रिकामा करायचा नाही, आणि ताप आहे म्हणून त्याच दिवशी डॉक्टर. अँटिबायोटिक घेतानाही पाजणं चालू ठेवलं, डॉक्टरांनी चालणारं औषध दिलं.

वर्धेची ताई

बरोबर सांगितलं. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने २०२२ मध्ये हा सल्ला बदलला. सूज असते ती, दाबून फोडायची गोष्ट नाही. आमच्याकडे अजूनही चोळून काळीनिळी झालेली छाती घेऊन बायका येतात, वाईट वाटतं.

आणि एक, मला फार लागतं म्हणून लिहिते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे बाई आमच्या हाताखाली असते, आणि तरी तो तास आम्ही घालवतो. वॉर्डात एका पाळीला चाळीस आया आणि दोन नर्स असतील तर प्रत्येकीजवळ अर्धा तास कोण बसणार? प्रत्येक प्रसूती वॉर्डात फक्त याच कामासाठी एक माणूस नेमलं पाहिजे, इंजेक्शनं आणि केसपेपर त्याच्याकडे नकोत.

दूरदेशी

म्युनिकहून लिहितेय. इथे हेबामे म्हणजे सुईण बाळंतपणानंतर घरी येते, सुरुवातीला तर रोज, आणि बारा आठवड्यांपर्यंतचा खर्च सरकारी आरोग्य विम्यात असतो. माझ्या हेबामेने बाळ झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्याला टांगून वजन केलं, दुधाच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या. मला मागावंच लागलं नाही. आपल्याकडे ही मदत शोधून, फी भरून आणि वर घरच्यांना पटवून घ्यावी लागते याचं वाईट वाटतं.

रानजाई

थोडी वेगळी बाजू. मला पीसीओएस म्हणजे हार्मोन्सचा त्रास आहे, बाळंतपणात रक्तस्रावही खूप झाला होता. लॅच म्हणजे बाळाचं धरणं चांगलं होतं, पंप केला, रात्री जागले, तरी दूध पुरेसं आलंच नाही. माझ्या कन्सल्टंटने तपासण्या करायला गायनॅककडे पाठवलं, थायरॉईड बघायला लावला, आणि शेवटी समोर बसून सांगितलं की तुझं बाळ पूर्ण अंगावर राहील असं मला वाटत नाही, पण जेवढं आहे तेवढं ठेवूया. बारीक नळी स्तनाला चिकटवून तिच्यातून फॉर्म्युला देतात, बाळ अंगावरच चोखतं आणि वरचंही मिळतं, ते शिकवलं. मुलगा आठ महिन्यांपर्यंत दोन्ही प्यायला. चांगल्या कन्सल्टंटची खूण मला विचाराल तर डबा हा शब्द काढल्यावर तिच्या चेहऱ्यावर आठी येत नाही. मला त्या काळात कोणी अपराधी वाटायला लावलं असतं तर मी मोडले असते.

दूध वाढायच्या गोळ्या कोणी व्हॉट्सॅपवर सुचवल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि बहीण सतत रडत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत.

सोनचाफा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, थोडी उशिरा लिहितेय. त्याच संध्याकाळी बाळाला नेलं, कावीळ काळजी करण्यासारखी नव्हती, रक्त तपासलं, डॉक्टरांनी वरच्या दुधाचं प्रमाण आखून दिलं. दुसऱ्या दिवशी नाशिकमधल्याच एक ताई आल्या. दोन फीड बघितले. बाळाच्या जिभेखालचा पडदा तपासला, ठीक आहे म्हणाल्या, जीभ बाहेर येते नीट. अडचण धरण्यातच निघाली, बहीण टाक्यांना लागू नये म्हणून बाळाला लांब धरत होती आणि बाळाला मान वळवून ओढावं लागत होतं. गिळताना मान वळवून पाणी पिऊन बघा म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनी पिऊन बघितलं, खरंच जमत नाही! आईने पण पाहिलं, त्यानंतर आई स्वतःच उशी लावून देते.

चिरांना स्वतःचं दूध लावून वाळू द्यायचं, वर लॅनोलिन. बोंडलं आईच्या जुन्या डब्यातून निघालं, उकळून वापरतोय. आठवड्याने वजन २.८७ झालं, वरचं दूध डॉक्टरांच्या सांगण्यावरून निम्म्यावर आलंय. दुखणं अजून आहे पण पाजताना ती आता बोलू शकते, आधी दात आवळून बसायची. सासूबाई येऊन गेल्या, माजघर आजींचा निरोप जसाच्या तसा दिला, त्या हसल्या आणि म्हणाल्या आमच्याकडे पण यायची अशी बाई.

आता पुढचा प्रश्न, तिला कामावर जायचंय, बँकेत आहे. पंपाने दूध काढून आतापासून साठवायला लागू का म्हणते, आणि घर ते शाखा एसटीने तास-दीड तास.

वर्धेची ताई

छान वाढलं वजन! साठवण्याची घाई आत्ता नको, आधी वरचं दूध सुटू दे, घाव भरू दे. पगारी रजा पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे असते, ती पूर्ण घ्या. त्यातले बाळंतपणाआधीचे आठवडे वजा करून तारीख काढा आणि जायच्या तीन-चार आठवडे आधी सकाळच्या फीडनंतर रोज एकदा काढायला सुरुवात करा, सकाळी दूध जास्त असतं. २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास चालतं, नाशिकच्या उन्हाळ्यात मात्र लगेच फ्रीजमध्ये, दरवाज्यात न ठेवता आतल्या बाजूला, तिथे चार दिवस. जास्त झालं तर फ्रीजरमध्ये. वितळवलेलं २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून गरम करा, मायक्रोवेव्ह नको, मधेच चटका बसेल इतकं तापतं.

कामावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी कायद्यानेच मिळते, दूध काढायला तीच वेळ मागा, शाखाधिकाऱ्यांना आधीच लेखी द्या आणि टॉयलेट सोडून दार बंद होणारी एक जागा मागा. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तो उघडा असतो का आणि स्वच्छ आहे का ते तिच्या नवऱ्याने एकदा जाऊन बघून यावं. सोबत छोटी थंड पिशवी आणि बर्फाचे पॅक ठेवले की परतीच्या प्रवासात दूध टिकतं. पंप घेताना फनेलचा म्हणजे स्तनावर बसणाऱ्या भागाचा आकार त्याच ताईंकडून मोजून घ्या, चुकीच्या मापाने परत चिरा पडतात.